हॅलोबाईंच्या तासाचा भाव

माझ्या सासूबाईंना आमच्या भागात कुणी नावाने ओळखत नाही. भाजीवाल्यापासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळे त्यांना हॅलोबाई म्हणतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव असणार, बिचाऱ्यांना वाईट वाटत असेल. कसलं वाईट आणि कसलं काय. एकदा एका नव्या शेजाऱ्याने त्यांना आदराने 'आजी' म्हटलं, तर त्याला दारातच ऐकावं लागलं, "आजी घरातल्यांसाठी. तुम्ही हॅलोबाई म्हणा."

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तेव्हा आपला आपण नंबर फिरवायची सोय नव्हती. फोन उचलायचा, पलीकडून एक बाई "हॅलो, नंबर?" म्हणायची, तिला नंबर सांगायचा आणि ती जोडून द्यायची. आमच्या शहरात ती बाई म्हणजे बहुतेक वेळा आमच्या सासूबाई. आवाज अजून तसाच खणखणीत आहे. बोलणंही तेच. आम्हा नवराबायकोचं भांडण लांबलं की स्वयंपाकघरातून ट्रंक कॉलसारखी विचारणा होते, "तीन मिनिटं झाली. वाढवायचीत का?" हातात काम असताना नात रडत आली तर तिला सांगतात, "लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा." नात तीन वर्षांची. ती डोळे पुसत जाते आणि खरोखरच थोड्या वेळाने परत येते. माझं तिने असं एकदाही ऐकलेलं नाही.

तर या हॅलोबाई आठवड्यातले तीन दिवस घरी नसतात. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळचं आवरलं की बस धरायची, जुन्या एक्स्चेंजच्या इमारतीत जायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर टेलिफोनचं संग्रहालय आहे. ते त्या चालवतात. फुकट. आणि त्या तिकडे फुकट राबतात म्हणून मी इकडे मुलीला पाळणाघरात ठेवते. ते मात्र फुकट नाही. मी औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेबाला आहे. दिवसभर दुसऱ्याच्या पैशाचा ताळा जुळवायचा आणि महिनाअखेर आपल्याच पगाराचा एक लचका पाळणाघरवालीच्या हातात ठेवायचा, हे माझं नशीब. "तुमच्या सासूबाई केवढं समाजाचं काम करतात हो," असं कुणी म्हणालं की मी हसते. ते हसणं कसं येतं ते माझं मला माहीत.

नवऱ्याकडे विषय काढून पाहिला होता. "आईला कोण सांगणार?" म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं. तो त्यांचाच मुलगा, त्याला लहानपणापासून लाइन व्यस्तच मिळालेली. मी तोंडाला कुलूप लावलं. पण लावलेल्या कुलपाच्या आत काय काय चाललेलं असतं ते कुणी विचारू नये.

संग्रहालय मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या चष्मा घरी विसरल्या म्हणून. इमारतीच्या तळमजल्यावर नगरपालिकेच्या घरपट्टीच्या खिडक्या आहेत. तिथल्या रांगा ओलांडून, मागच्या अंगाच्या लोखंडी जिन्याने वर जायचं. वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर, टेबलांवर, खिडकीच्या कठड्यावर जुने काळे फोन. आतल्या खोलीत फोन जोडायचं बोर्ड. दोन कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं रुंद, लाकडी, आणि समोर नुसती भोकं. प्रत्येक भोकाला नंबर, प्रत्येक नंबरावर नखाएवढी पितळी झडप. कुणी फोन उचलून दांडी फिरवली की त्याच्या नंबरची झडप टक् करून खाली पडते. मग ऑपरेटरने समोरची, टोकाला प्लग असलेली तारेची दोरी उचलून त्या भोकात खुपसायची, विचारायचं, आणि जोडीची दुसरी दोरी हव्या त्या नंबरात. शाळेची मुलं येतात तेव्हा बाहेरच्या खोलीतून एकमेकांना फोन लावतात. अर्ध्यांना कुठल्या टोकात बोलायचं आणि कुठलं कानाला लावायचं तेही कळत नाही. आत हॅलोबाई कानाला यंत्र अडकवून बसलेल्या असतात आणि दोन्ही हात असे चालतात, की चष्मा द्यायला गेलेली मी दारातच थबकले. घरी भाजी निवडताना ज्यांचं मनगट दुखतं त्या या बाई नव्हेतच.

बोर्ड वाचलं कसं, ही गोष्ट लाइनमनकाकांच्या तोंडून ऐकावी. हे काका पूर्वी खांबावर चढून तारा जोडायचे, आता उतारवयात गुडघे बोलतात म्हणून स्टुलावरही चढत नाहीत. आपोआप जोडणारं नवं एक्स्चेंज आलं तेव्हा जुनं सगळं भंगारात काढलं. हे बोर्ड मात्र खोलीतून बाहेरच निघेना. ते खोलीच्या आतच जोडून उभं केलेलं होतं आणि नंतर कुणीतरी दाराची चौकट बदलून अरुंद केली होती. तोडायला माणूस मिळाला नाही, ताडपत्री टाकून ठेवून दिलं. पुढे इमारत नगरपालिकेकडे गेली, कुणा हौशी साहेबांनी 'टेलिफोन संग्रहालय' अशी पाटी लावली, फीत कापली आणि बदली होऊन गेले. पाटी राहिली. काकांनी एक दिवस बसस्टॉपवर हॅलोबाईंना गाठून सांगितलं, "बाई, तुमचं बोर्ड अजून आहे." त्या दिवसापासून दोघं तिथे आहेत. दोऱ्या प्लगच्या तोंडाशी झिजतात, तेवढा तुकडा कापून, मेणाच्या दोऱ्याने बांधून पुन्हा प्लग बसवायचा हे काकांचं काम. झडपा, भोकं पुसणं, लोकांना दाखवणं, शाळांना बोलावणं, झाडू मारणं हे हॅलोबाईंचं. बल्ब गेला तर पदरचा. विजेचं बिल आलं तर दोघांत वाटून.

"नगरपालिकेचा एक पैसा घेतला नाही," हे त्या ऊर भरून सांगायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. बसचं तिकीटसुद्धा मागितलं नाही, हेही सांगायच्या. मला तर इतकं पाठ झालं होतं की त्यांनी सुरुवात केली की मी मनातल्या मनात शेवट करायचे.

एका गुरुवारी मी मुलीला घेऊन घरी आले तर हॅलोबाई दिवा न लावता बसल्या होत्या आणि समोर लाइनमनकाका. काका कधी आमच्या घरी येत नसत. मला वाटलं कुणी गेलं. काकांनी सांगितलं ते असं: शिपायाने वर येऊन दाराला कागद चिकटवला. महिनाअखेर दोन्ही खोल्या रिकाम्या करायच्या, घरपट्टीच्या जुन्या फायली ठेवायला जागा पाहिजे. बोर्ड बाहेर निघत नसेल तर जागेवर तोडून न्यायला ठेकेदार येईल. दोघं तसेच खाली लेखाधिकारी मॅडमकडे गेले. मॅडम चांगल्या निघाल्या. बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, संग्रहालय कागदोपत्री केव्हाच बंद आहे.

"बंद कसं?" मी म्हटलं. "परवा शाळा येऊन गेली ना?"

"तेच तर," काका म्हणाले. "मॅडमनी पुस्तक काढून दाखवलं. बागेला खर्च आहे, वाचनालयाला आहे, शौचालयांना आहे. आमच्या नावापुढे दरवर्षी शून्य. पगार नाही, दुरुस्ती नाही, झाडू नाही, बल्ब नाही. मॅडम म्हणाल्या, जिथे काही खर्चच होत नाही ती जागा चालू आहे असं आम्ही कसं समजायचं? वरून विचारणा झाली, बंद पडलेल्या जागा कळवा. त्यांनी कळवली."

 इतकी वर्षं जी गोष्ट हॅलोबाई मिरवत होत्या, तिनेच त्यांचा घात केला होता. माझा त्यांच्यावर राग होता, हे मी लपवलेलं नाही. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवेना. मी दिवा लावला आणि चहा टाकला.

काका गेल्यावर त्या उठून स्वयंपाकघरात आल्या. मी शेंगा सोलत होते. समोरची खुर्ची ओढून बसल्या. "तू हिशेबातली ना?" म्हणाल्या. "मग मांड. मॅडम म्हणाल्या, तुमच्या कामाची किंमत किती ते लिहून आणा, समितीपुढे ठेवते. आमच्या शून्याचं काय होतं ते बघू."

मला हे काम नको होतं. बोर्ड तुटलं असतं तर हॅलोबाई आठवडाभर घरी असत्या, पाळणाघर सुटलं असतं, हा विचार माझ्या मनात आलाच होता. मी काही साधू नाही. पण हिशेब समोर आला की माझे हात आपोआप चालतात. मी कागद घेतला.

"तुमच्या जागी पगारी माणूस ठेवला तर काय पडेल, ते धरायचं," मी सांगितलं. "झाडू मारता तो वेळ झाडूवालीच्या दराने. माहिती सांगता तो माहिती देणाऱ्याच्या दराने. काकांचा वेळ कारागिराच्या."

"झाडूवालीच्या दराने का? झाडू मारते तेव्हाही मी ऑपरेटरच असते."

"आई, झाडूला कुणी ऑपरेटरचा दर देत नाही."

"डॉक्टर हात धुतो तेव्हा त्याचे पैसे कापतात का?"

 तरी मी झाडूचा दर झाडूचाच लावला, त्या शेजारच्या खोलीत गेल्या तेव्हा. मग दुसरा वाद. शाळेची मुलं गेल्यावर त्या आणि काका चहा पीत बसतात, तो वेळ धरायचा की नाही. मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, तेव्हाच तर काका कुठली दोरी सैल झाली ते सांगतात. असं करत करत आम्ही बेरजेपर्यंत आलो. वर्षाचा आकडा पाहून मीच दोनदा ताळा केला. आमच्या घराचा वर्षाचा खर्च त्यातून निघून वर उरला असता.

"एवढे?" हॅलोबाई म्हणाल्या. खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या कागदाकडे नुसत्या बघत राहिल्या. "म्हणजे एवढे मी सोडले?"

आणि मग माझं कुलूप तुटलं. कुठून आलं कुणास ठाऊक, पण आलं. "तुम्ही सोडले, आई. मी मात्र मोजले. तुमच्या त्या फुकटच्या कामाचे पैसे दर महिन्याला माझ्या पगारातून जातात. पाळणाघरवालीला. आठवड्याचे तीन दिवस, तुम्ही तिकडे असता म्हणून. तुम्ही सगळ्यांना सांगता कुणाचा पैसा घेतला नाही. माझा घेता की."

 मुलगी आत झोपली होती. नवरा पेपर घेऊन दारापर्यंत आला आणि वातावरण बघून तसाच मागे फिरला. हॅलोबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"मला कधी बोलली नाहीस," त्या म्हणाल्या.

"बोलून काय झालं असतं?"

"काही नसतं झालं. मी गेलेच असते. पण बोलायला हवं होतंस."  मग कागद माझ्याकडे सरकवला. "तेही लिही."

"काय?"

"पाळणाघर. तू देतेस ते. आम्ही दोघं तास देतो, तू पैसे देतेस. तू नसतीस तर मी कशी गेले असते? तिसरं माणूस म्हणून लिही त्यात."

मी म्हटलं, असं कुणी लिहीत नाही, समिती हसेल. त्या म्हणाल्या, हसू दे. मी लिहिलं. लिहिताना मला अक्षर दिसेनासं झालं. लग्नाला सात वर्षं झाली, या घरात माझ्या कशाचीही कुणी कधी वेगळी ओळ मांडली नव्हती.

समितीच्या बैठकीला मी अर्धी रजा टाकून गेले. लांब टेबल, वर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं. अध्यक्ष हसतमुख, भराभर बोलणारे गृहस्थ होते. लेखाधिकारी मॅडम एका कडेला. त्यांच्या पुढ्यात फायलींचा ढीग होता. आमचा कागद अध्यक्षांच्या हातात गेला. त्यांनी बेरीज पाहिली आणि चष्मा काढला.

"एवढी रक्कम?" ते म्हणाले. "नगरपालिकेला हे परवडणार नाही."

हॅलोबाई म्हणाल्या, "आम्ही मागत नाही. एवढं देतो आहोत."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुम्ही म्हणालात शून्य, म्हणून."

"अहो, पण ही संस्था एवढी महागडी असेल तर ती बंदच केली पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, हीच पंचाईत. मॅडमनी मध्ये पडून समजावलं की हा खर्च नाही, ही वाचलेली रक्कम आहे. अध्यक्ष म्हणाले, वाचली असेल तर कुठे आहे? काका माझ्या कानात पुटपुटले, "आधी फुकट म्हणून बंद, आता महाग म्हणून बंद." मी हसू दाबलं. महिना संपत आला होता, ठेकेदार सोमवारी येणार होता.

अध्यक्षांचं बोट खाली सरकलं. "आणि हे पाळणाघर कुठलं? संग्रहालयात पाळणाघर आहे?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हॅलोबाई मात्र उठून उभ्या राहिल्या आणि त्या आवाजात, जो पूर्वी अख्ख्या शहराने ऐकला होता, सांगितलं, "ते माझ्या सुनेचं आहे. मी इथे येते म्हणून तिला नातीसाठी ते पैसे भरावे लागतात. फुकट काम फुकट होत नसतं साहेब. करणाऱ्याच्या घरात कुणीतरी ते भरत असतं. कोण ते आम्ही लिहिलंय."

टेबलाशी बसलेल्या दोघीतिघी बायकांनी मान वर केली. मॅडमनी फाईल मिटली. त्या माझ्याकडे बघून ओझरतं हसल्या आणि मग अध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, एक मार्ग आहे. मोठी रक्कम नको. पुस्तकात जागा चालू दिसायला एक खरा खर्च पुरे. दर महिन्याला संग्रहालयाच्या नावावर प्रवासखर्च टाकू. तो दिला गेला, सही झाली, की जागा चालू. मग कुणाला तोडता येणार नाही."

अध्यक्षांना बसच्या तिकिटाएवढी रक्कम ताबडतोब समजली. मंजूर. सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

बैठकीतून बाहेर जिन्यापाशी येताच काका खुशीत म्हणाले, "चला, सही करायला मी मोकळाच आहे." पण मॅडमनी त्यांना विचारलं, कुठे राहता? काका इमारतीच्या मागेच राहतात, चालत येतात. प्रवासखर्च बसने येणाऱ्यालाच. म्हणजे हॅलोबाईंनाच.

"मी घेणार नाही," हॅलोबाई म्हणाल्या.

मॅडमना वाटलं, मानाचा प्रश्न आहे. त्यांनी परोपरीने सांगितलं, उद्या दुपारपर्यंत सही झाली नाही तर ठेकेदाराचा हुकूम थांबवता येणार नाही. हॅलोबाई ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. शेवटी मॅडमनी हात टेकले आणि आत गेल्या. काकाही हिरमुसले होऊन गेले. आम्ही दोघी लोखंडी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. घरपट्टीची रांग आमच्याकडे बघत होती.

मी चिडले होते. नाकावर माशी बसू द्यायची नाही म्हणजे किती. "आई, मी तुमच्यासाठी रजा टाकली," मी म्हटलं. "मला कारण तरी सांगा."

 मग त्यांनी सांगितलं. नवं एक्स्चेंज सुरू झालं त्या दिवशी सगळ्या ऑपरेटरांना साहेबांनी बोलावलं. प्रत्येकीला फुलं दिली, रोखपालाकडून पगार घ्या आणि उद्यापासून यायची गरज नाही म्हणाले. हॅलोबाईंची ड्यूटी चालू होती. साहेब त्यांना उठवायला बोर्डापाशीच आले. "मी उठले, आणि समोर झडप पडली," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बोलवत होतं. मी हात पुढे केला. साहेब म्हणाले, राहू द्या. मी राहू दिलं. कोण होतं, काय काम होतं, कळलं नाही." घरी नवरा आजारी, मुलगा शाळेत. वर्षभर त्यांनी एका दुकानासाठी उशांचे अभ्रे शिवले. "पगार देतो तो उठवतो. म्हणून पुन्हा त्या बोर्डापाशी बसले तेव्हा ठरवलं, की कुणाचं घ्यायचंच नाही. मला आता तिथून कोण उठवणार?"

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी बोलले. "पण आई, सोमवारी उठवतातच आहेत की. तुम्ही काही घेत नाही तरी."

 आम्ही घरी आलो. रात्री त्या जेवल्या नाहीत नीट. मी विचारलं नाही.

सकाळी मी कामावर निघाले तर त्या तयार होऊन दारात उभ्या. "चल माझ्याबरोबर," म्हणाल्या. मुलीला पाळणाघरात सोडलं, कामावर फोन करून खोटंच पोट दुखतंय सांगितलं आणि आम्ही घरपट्टीच्या रांगेशेजारच्या रोखपालाच्या खिडकीपाशी गेलो. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं असावं. रोखपालाने कागद पुढे केला.

"पद काय लिहू? स्वयंसेवक?"

"टेलिफोन ऑपरेटर," हॅलोबाई म्हणाल्या.

त्याने संगणकात पाहिलं. "असं पद आता नाहीये, बाई. यादीतून काढलंय."

"वर बोर्ड आहे. त्याच्यापुढे बसते ती कोण मग?"

मागे रांग होती. रोखपालाने एकदा त्यांच्याकडे, एकदा रांगेकडे पाहिलं आणि हाताने लिहिलं. हॅलोबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन ते अक्षर वाचलं. मग सही केली.   रोखपालाने नाणी मोजून काठावर ठेवली. त्यांनी ती उचलली, पण पिशवीत टाकली नाहीत. मुठीत घट्ट धरून त्या बाहेर आल्या. शुक्रवार होता, संग्रहालयाचा दिवस नव्हता, म्हणून आम्ही बसस्टॉपवर गेलो.

"आता काढू शकतील ना गं मला?" त्यांनी विचारलं.

खरंच उत्तर हवंय म्हणून मला कधी त्यांनी प्रश्न विचारलेला आठवत नाही. सूचना द्यायच्या, निकाल द्यायच्या. विचारायच्या नाहीत. माझ्या तोंडावर आलं होतं, छे, कशाला काढतील. पण मी हिशेबातली. पुस्तकात आलेली ओळ एका रेघेने कशी जाते ते रोज बघते.

"हो," मी म्हटलं. "आता काढू शकतील."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती. मग बस आली. माझ्या आधी त्या चढल्या, मूठ उघडली आणि कंडक्टरला म्हणाल्या, "दोन."

"आई, माझं मी काढते," मी म्हटलं.

"गप्प बस," हॅलोबाई म्हणाल्या. "मी नोकरीवर आहे."